द्विप्रणाली संगणकातील आरंभदोष : निदान आणि उपाय

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली नांदविण्याची गरज संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यास केवळ हौसेपोटी पडत नाही. रेणूंच्या हालचालींचे गणन करणारे ग्रोमॅक्स किंवा द्रवप्रवाहांचे गणन करणारे ओपनफोम ही साधने लिनक्सच्या अंगणातच वाढलेली आहेत. उलटपक्षी प्रबंधाचे मराठी टंकलेखन विंडोजवरील श्रीलिपीत अर्धेअधिक झालेले असते, आणि यंत्ररेखनाची सॉलिडवर्क्ससारखी साधने तर लिनक्सवर चालतच नाहीत. दोन यंत्रे घेण्याइतका पैसा नसला म्हणजे एकाच लॅपटॉपच्या डिस्कची वाटणी करून दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी बसविणे हाच मार्ग उरतो. त्यातच विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी पुष्कळ जुनी यंत्रे मधल्या मधे लोंबकळत राहिली. अशा यंत्रांवर जुन्या विंडोजच्या शेजारी उबुंटू बसविणे हा स्वस्त तोडगा ठरला. वसई-विरार पट्ट्यात अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांची संख्या लहान नाही, आणि तेथील विद्यार्थ्यांचे संशोधन बहुधा त्यांच्या स्वतःच्या, अनेकदा जुन्या, यंत्रावरच चालते. तेव्हा प्रस्तुत प्रश्न तेथील विद्यार्थ्यांना पुस्तकी वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न उभा राहतो तो बसवणीनंतर. दुसरी प्रणाली बसविली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि पडद्यावर ओळखीच्या चित्राऐवजी काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटली, किंवा यंत्र मुकाट्याने जुन्याच प्रणालीत शिरले आणि नवी जणू नव्हतीच, असा अनुभव पुष्कळांना येतो. या क्षणी मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो : ‘फॉरमॅट मारा.’ दुरुस्तीच्या दुकानातही तोच मिळतो, कारण दुकानदाराच्या दृष्टीने तो कमी वेळाचा आणि खात्रीचा उपाय आहे. त्या उपायात दोन वर्षांची निरीक्षणे आणि प्रबंधाची चार प्रकरणे पुसली जातात, हा भाग दुकानदाराच्या हिशेबात धरलेला नसतो. वस्तुतः आरंभदोषांपैकी बहुतेक प्रसंगी डिस्कवरील एकही प्रकरण हरवलेले नसते. हरवलेला असतो तो तेथे पोहोचण्याचा मार्ग.

वसई रोड स्थानकाजवळ पश्चिम रेल्वेच्या मुख्य मार्गापासून जूचंद्र, कामण रोड, भिवंडी रोडवरून दिव्याकडे जाणारा फाटा फुटतो. तेथील सांधा एका बाजूस बसला तर गाडी दिव्यास जाईल, दुसऱ्या बाजूस बसला तर मुख्य मार्गानेच पुढे जाईल. सांधा चुकीच्या बाजूस अडकला म्हणून कोणी कामण रोडचे रूळ उखडले गेले असे म्हणत नाही, आणि तो दुरुस्त करण्यासाठी भिवंडीपर्यंतचा मार्ग नव्याने टाकण्याची आज्ञाही देत नाही. द्विप्रणाली यंत्रातील ‘फॉरमॅट’चा सल्ला जवळजवळ तशाच आज्ञेच्या जातीचा आहे. उपमेत एक उणीव आहे, ती अशी की संगणकात सांधा एक नसून एकामागून एक असे तीन आहेत, आणि बिघाड नेमका कोणत्या सांध्यावर झाला हे ओळखणे हेच निदानाचे खरे काम होय.

संगणक चालू होतो तेव्हा त्याची स्मृती रिकामी असते. डिस्कवरील कार्यप्रणाली वाचून स्मृतीत आणावयाची तर ती वाचणारा कार्यक्रम आधीच स्मृतीत असावयास हवा, आणि तो तेथे आणावयाचा तर त्याच्याही आधी आणखी एखादा. स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून या क्रियेस ‘बूट’ हे नाव पडले. मराठीत ‘आरंभक’ असा शब्द घडविता येईल. परंतु प्रयोगशाळेत ‘बूटलोडर’ हाच शब्द रुळलेला असल्याने येथेही तोच योजिला आहे. पहिला सांधा म्हणजे यंत्राच्या मुख्य पट्टावरील चिपमध्ये बसलेले फर्मवेअर. दुसरा सांधा बूटलोडर : विंडोजचा स्वतःचा बूट मॅनेजर, किंवा लिनक्सबरोबर येणारा ग्रब. ग्रब हे ‘ग्रँड युनिफाइड बूटलोडर’ याचे लघुरूप असून भौतिकशास्त्रातील महाएकीकरणाच्या सिद्धांतावरून केलेली ती कोटी आहे. १९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी त्याचा आरंभ केला. तिसरा सांधा म्हणजे प्रत्यक्ष कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल. यांपैकी प्रत्येक जण आपापल्या भाषेत तक्रार करतो. म्हणून पडद्यावरील ओळ वाचताना प्रथम अर्थ लावण्याऐवजी बोलणारा कोण, एवढेच विचारावे.

दुसरा प्रश्न पिढीचा आहे. आरंभाच्या दोन पद्धती आज एकत्र नांदत आहेत आणि पुष्कळसा घोटाळा त्यांच्या सरमिसळीतून होतो. जुन्या पद्धतीत, जिची मुळे १९८३ च्या पीसी-डॉस २.० पर्यंत जातात, डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या खंडात सर्व काही कोंबलेले असे : ४४६ बाइट आरंभाच्या सूचनांसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदींसाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी. यास मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. ४४६ बाइटांत ग्रबसारखा कार्यक्रम मावणे शक्यच नसल्याने तो आपला पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या अलीकडील मोकळ्या जागेत ठेवतो आणि उरलेले सामान लिनक्सच्या पार्टिशनात. या पद्धतीत जागा एकच, म्हणून हक्कदारही एकच. लिनक्सनंतर विंडोज पुन्हा बसविली की ती त्या ४४६ बाइटांवर आपल्या सूचना लिहिते आणि ग्रबचा पत्ता पुसला जातो.

नव्या पद्धतीचे नाव यूईएफआय. तीत डिस्कवर ईएसपी नावाचे एक छोटे स्वतंत्र पार्टिशन असते आणि प्रत्येक प्रणाली त्यात आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये आपला बूटलोडर साध्या फाइलीच्या रूपाने ठेवते. मायक्रोसॉफ्टचा फोल्डर वेगळा, उबुंटूचा वेगळा. एकाने दुसऱ्याचे पुसावे असे कारण उरत नाही. कोणाला आधी बोलवावयाचे याची क्रमवार यादी मात्र डिस्कवर नसून मुख्य पट्टावरील कायम स्मृतीत असते. हा भेद नीट ध्यानात ठेवावयास हवा. नव्या यंत्रावर विंडोजच्या एखाद्या मोठ्या अद्ययावतीनंतर ग्रबची यादी दिसेनाशी झाली, तर बहुधा ग्रबची फाइल जागच्या जागी असते. बदललेला असतो तो फक्त यादीतील क्रम. यंत्र सुरू होताना डेल वा लेनोव्होवर एफ १२, एचपीवर एफ ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप ही कळ दाबली म्हणजे त्या वेळेपुरती निवड करता येते. त्या यादीत ‘उबुंटू’ हे नाव दिसले आणि ते निवडताच लिनक्स सुरू झाले, तर निदान पुरे झाले. फर्मवेअरच्या मांडणीत जाऊन तो क्रम वर आणला की कामही संपले. ज्या दोषासाठी डिस्क पुसण्याचा सल्ला सर्वाधिक वेळा दिला जातो, त्यातील मोठा भाग या अर्ध्या मिनिटाच्या उपायाने निकालात निघतो.

बोलणारा ग्रब असला म्हणजे प्रकरण थोडे पुढे गेलेले असते. ‘नो सच पार्टिशन’ किंवा ‘अननोन फाइलसिस्टिम’ असे म्हणून ‘ग्रब रेस्क्यू’ अशी खूण दाखवून यंत्र थांबते. याचा अर्थ ग्रबचा पुढचा तुकडा जागा झाला आहे, परंतु त्याचे उरलेले सामान ज्या पार्टिशनात होते ते त्यास सापडत नाही. नव्या यंत्रांवर बहुधा नुसती ‘ग्रब’ एवढीच खूण दिसते. तेथे सामान हाताशी आहे, केवळ मांडणीची फाइल सापडत नाही. हा दोष उद्भवण्याचे नेहमीचे कारण मनुष्यकृत आहे. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर लिनक्सचे पार्टिशन अनोळखी दिसते, आणि जागेची टंचाई भासलेला विद्यार्थी ते निरुपयोगी समजून काढून टाकतो, किंवा मधे नवे पार्टिशन घालतो आणि पुढच्यांचे क्रमांक सरकतात. पहिल्या प्रसंगी लिनक्स खरोखरच गेलेले असते. विंडोज मात्र सुरक्षित असते आणि फर्मवेअरच्या यादीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडून तीत जाता येते. दुसऱ्या प्रसंगी काहीच गेलेले नसते. ग्रबच्या त्या खुणेसमोर ‘एलएस’ ही आज्ञा दिली की तो डिस्क आणि पार्टिशनांची नावे मोजून दाखवितो. एकेकात डोकावून ‘बूट’ फोल्डरातील ‘ग्रब’ हा फोल्डर कोठे आहे हे पाहावे, त्याचा पत्ता ‘प्रीफिक्स’ या नावाने सांगावा, ‘नॉर्मल’ हा घटक मागवून त्यास चालना द्यावी, म्हणजे परिचित यादी पुन्हा उभी राहते. मात्र ही सोय त्या एका वेळेपुरती असते. लिनक्समध्ये शिरल्यावर ग्रब नव्याने बसविण्याची आणि त्याची यादी अद्ययावत करण्याची आज्ञा न दिल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच काळी पाटी.

जेव्हा यातले काहीच जमत नाही तेव्हा पेन ड्राइव्हवरील लिनक्स सुरू करून बाहेरून दुरुस्ती करावी लागते. येथेच सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत वारंवार होणारी चूक घडते. एकाच पेन ड्राइव्हचे नाव आरंभाच्या यादीत कित्येकदा दोनदा येते : एकदा नुसते, आणि एकदा ‘यूईएफआय’ या शब्दासह. नुसते नाव निवडले तर यंत्र जुन्या पद्धतीने सुरू होते, आणि त्या अवस्थेत बसविलेला ग्रब जुन्या पद्धतीचाच बसतो. विंडोज नव्या पद्धतीची आणि ग्रब जुन्या पद्धतीचा असा जोड जमला की ग्रबच्या यादीतून विंडोज सुरू करता येत नाही. एका पद्धतीने जागे झालेले यंत्र दुसऱ्या पद्धतीच्या बूटलोडरच्या स्वाधीन होत नाही, हे त्याचे कारण. पुष्कळांच्या पहिल्याच बसवणीत हा दोष शिरलेला असतो आणि नंतरची प्रत्येक दुरुस्ती तो पक्का करीत जाते. म्हणून कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. विंडोज सुरू होत असेल तर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायॉस मोड’ या शब्दांपुढे ‘लेगसी’ आहे की ‘यूईएफआय’ हे वाचावे. आणि पेन ड्राइव्हवरील लिनक्समध्ये ‘सिस’ फोल्डरच्या आत ‘फर्मवेअर’ आणि त्याच्या आत ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर आहे किंवा नाही हे पाहावे. तो असेल तरच यंत्र नव्या पद्धतीने जागे झालेले आहे. दोन्ही उत्तरे जुळत नसतील तर यंत्र बंद करून पेन ड्राइव्हचे दुसरे नाव निवडावे.

यानंतरची प्रत्यक्ष क्रिया उबुंटूवर सरळ आहे. लिनक्सचे मूळ पार्टिशन एका फोल्डरवर जोडावे, त्याच्यातील ‘बूट’ आणि ‘ईएफआय’ या ठिकाणी ईएसपी जोडावे, यंत्राशी संबंध ठेवणारे ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ व ‘सिस’ हे फोल्डर आत आणावेत, आणि ‘सीएच-रूट’ या आज्ञेने त्या बसविलेल्या प्रणालीत प्रवेश करावा. मग ‘ग्रब-इन्स्टॉल’ व ‘अपडेट-ग्रब’ या दोन आज्ञा पुरतात. फेडोरावर मात्र यूईएफआय यंत्रात ‘ग्रब-इन्स्टॉल’ वापरण्याऐवजी शिम आणि ग्रब यांची पॅकेजेच पुन्हा बसवावीत, अन्यथा पुढे सांगितलेल्या स्वाक्षरीचा प्रश्न उभा राहतो. आज्ञांची सवय नसलेल्यांना मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. दोष उद्भवण्यापूर्वी ते पाहून ठेवणे सोयीचे. वीजपुरवठा बेभरवशाचा असता डेस्कटॉपवर ही कामे बॅकअपवाचून करू नयेत. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई परिसराची वीज किती काळ गेली होती हे तेथील रहिवाशांस सांगावयास नको. अद्ययावती चालू असता मधेच यंत्र बंद पडणे हेही अर्धवट लिहिलेल्या बूटलोडरचे एक कारण आहे.

विंडोजच्या बाजूने दुरुस्ती करावयाची तर ‘बूटरेक’ या आज्ञेचे नाव सर्वतोमुखी झालेले आहे. तिचा ‘फिक्सएमबीआर’ हा प्रकार जुन्या पद्धतीच्या पहिल्या खंडासाठी आहे; नव्या यंत्रावर तो चालविल्याने हिताचे काही होत नाही. ‘फिक्सबूट’ पुष्कळदा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून हात झटकतो. नव्या यंत्रास योग्य आज्ञा ‘बीसीडीबूट’ ही होय. ती विंडोजच्या फोल्डरमधून बूटलोडरच्या फाइली पुन्हा ईएसपीवर उतरविते आणि शेजारच्या उबुंटूच्या फोल्डरला हात लावीत नाही.

स्वाक्षरीचा प्रश्न हा अलीकडचा आणि सर्वांत गुंतागुंतीचा. सिक्युअर बूट या व्यवस्थेत फर्मवेअर ओळखीची डिजिटल स्वाक्षरी असलेलाच बूटलोडर चालू देते. लिनक्सकरिता मायक्रोसॉफ्टने स्वाक्षरी केलेला ‘शिम’ नावाचा लहानसा मध्यस्थ असतो आणि तो पुढे ग्रबची ओळख पटवितो. २०२० मध्ये ग्रबात ‘बूटहोल’ नावाची त्रुटी उघडकीस आली, तेव्हा सदोष आवृत्त्या एकेक करून बाद करू लागताच बाद-यादीसाठी असलेल्या सुमारे ३२ किलोबाइट जागेपैकी १० किलोबाइट एका प्रकरणातच खर्ची पडले. म्हणून प्रत्येक घटकास पिढीचा क्रमांक द्यावयाचा आणि अमुक पिढीच्या खालचे सर्व बाद असे एका ओळीत सांगावयाचे, अशी एसबॅट ही युक्ती काढण्यात आली. युक्ती निःसंशय उत्तम होती. परंतु १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अद्ययावतीने ही किमान पिढी वर नेली. द्विप्रणाली यंत्रे ओळखून त्यांस वगळण्याचा हेतू होता. पण काही यंत्रे त्या ओळखीतून निसटली आणि त्यांवरील लिनक्स ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असे म्हणून बंद पडू लागले. येथे बोलणारा शिम आहे, ग्रब नव्हे. तेव्हा ग्रब पुन्हा पुन्हा बसवून काय होणार? त्या वेळचा उपाय असा होता की सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्समध्ये जाऊन ‘मॉकयूटिल’ या आज्ञेने एसबॅटचे धोरण पुसावे, यंत्र पुन्हा लिनक्समध्ये सुरू करावे आणि मग सिक्युअर बूट पूर्ववत चालू करावे. मायक्रोसॉफ्टने या दोषाचे निवारण मे २०२५ च्या अद्ययावतीत केले. तथापि जुन्या पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेले तीन-चार वर्षांपूर्वीचे लिनक्स आजही याच कारणाने नाकारले जाऊ शकते, आणि नेमक्या अडचणीच्या वेळी दुरुस्तीचे साधनच निकामी ठरते. ते ताज्या आवृत्तीने बदलून ठेवावे.

सिक्युअर बूट बंद करण्याचा सल्ला सहजपणे दिला जातो. त्यापूर्वी एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाहावयास हवी, कारण या साऱ्या प्रकरणात माहिती कायमची गमावण्याचा, फॉरमॅटखेरीज, हाच एक खरा धोका आहे. विंडोज ११ च्या पुष्कळ यंत्रांवर डिस्क बिटलॉकरच्या कुलुपात असते, आणि २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने केलेल्या नव्या बसवणीत हे कुलूप वापरणाऱ्याच्या नकळत लागते. फर्मवेअरची मांडणी बदललेली दिसताच ते ४८ अंकांची किल्ली मागते. ही किल्ली बहुधा त्या खात्यात जपलेली असते. परंतु खाते दुकानदाराने स्वतःच्या पत्त्यावर उघडून दिले असेल, किंवा त्याचा पासवर्ड विसरला असेल, तर प्रबंध डिस्कवर अक्षरशः शाबूत असूनही वाचता येत नाही. म्हणून किल्ली कागदावर उतरवून घेतल्याखेरीज फर्मवेअरच्या मांडणीस हात लावू नये. त्याच वेळी ईएसपीतील सर्व फाइलींची प्रतही पेन ड्राइव्हवर घ्यावी. विंडोजने स्वतः केलेल्या बसवणीत हे पार्टिशन बहुधा १०० मेगाबाइटचेच असते, तेव्हा प्रत घेण्यास मिनिटही लागत नाही.

यादीत लिनक्स आहे पण विंडोज नाही, या तक्रारीचे मूळ निराळे आहे. २०२१ च्या २.०६ या आवृत्तीपासून ग्रबने शेजारच्या प्रणाली शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ हा घटक सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवला. ‘ईटीसी’ फोल्डरच्या आतील ‘डिफॉल्ट’ फोल्डरातील ‘ग्रब’ या फाइलीत ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ ही ओळ ‘फॉल्स’ अशी करून यादी अद्ययावत केली की विंडोज परत दिसू लागते. त्या ओळीचा अर्थ दुहेरी नकाराचा असल्याने ‘ट्रू’ लिहून बसणारेही थोडे नाहीत.

दोन्ही प्रणाली सुरळीत सुरू झाल्यावर विंडोजमधील घड्याळ साडेपाच तास मागे दिसते, आणि नुकत्याच संपलेल्या दुरुस्तीवर त्याचा आळ येतो. तो खरा नव्हे. लिनक्स मुख्य पट्टावरील घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. भारतीय प्रमाणवेळेचा फरक तेवढाच आहे. ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने लिनक्सला त्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवण्यास सांगितले म्हणजे दोघांचे एकमत होते.